बाळाच्या फॉर्म्युला पावडरीतली खनिजं आणि विषारी धातू: तपासणी नेमकी कशी करावी? (मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

मोजमाप

फॉर्म्युला तपासताना एकाच डब्याला दोन उलटे प्रश्न विचारायचे असतात. लोह, जस्त, कॅल्शियम, आयोडीन, सेलेनियम पुरेसं आहे ना? आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा जवळपास नाहीच ना? पहिले काही महिने ज्या बाळाचं पोट फक्त फॉर्म्युल्यावर भरतं, त्याला एखादी कमतरता दुसऱ्या अन्नातून भरून काढता येत नाही. जे जास्त आहे तेही दिवसातून सात-आठ वेळा त्याच्याच पोटात जातं. म्हणून हे दोन्ही प्रश्न सारखेच गंभीर आहेत.

दोन्ही बाजूंच्या चुका घडून गेल्या आहेत. १९५५ साली जपानमध्ये मोरिनागा कंपनीच्या दूधपावडरीत स्थिरक म्हणून घातलेल्या डायसोडियम फॉस्फेटमध्ये आर्सेनिक होतं. १२ हजारांहून अधिक बाळांना विषबाधा झाली आणि शंभराहून अधिक दगावली. उलट १९७८-७९ मध्ये अमेरिकेत सोया फॉर्म्युल्यात क्लोराइड फारच कमी पडलं, बाळांच्या रक्तातला आम्ल-अल्कली तोल बिघडला, आणि त्यातून १९८० चा इन्फंट फॉर्म्युला कायदा आला. पहिल्या घटनेत दोष कच्च्या मालात होता, दुसरीत कृतीत. तयार डब्याची तपासणी दोन्ही पकडू शकते, पण मोजणाऱ्याने त्या गोष्टीकडे पाहिलं तरच.

आता मोजणीची अडचण. ०.५ ग्रॅम पावडर पचवून द्रावण ५० मिलीपर्यंत नेलं की नमुना १०० पट पातळ होतो. पावडरीत कॅल्शियम किलोला ४००० मि.ग्रॅ. असेल तर द्रावणात ते लिटरला ४० मि.ग्रॅ. येतं. लोह ०.५ मि.ग्रॅ., सेलेनियम दीड मायक्रोग्रॅम. आणि कॅडमियम? युरोपीय संघाच्या २०२३/९१५ या नियमात गाईच्या दुधाच्या प्रथिनांवर बनलेल्या पावडरीला किलोला ०.०१० मि.ग्रॅ. इतकी मर्यादा आहे. द्रावणात ती होते लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे एकाच नळीत कॅल्शियम आणि मर्यादेवरचं कॅडमियम यांच्यात चार लाख पटींचं अंतर. मर्यादेच्या बऱ्याच खालचं कॅडमियम मोजायचं म्हटलं तर ते आणखी वाढतं.

पचवण्याची कृती अशी. ०.५ ग्रॅम पावडर थेट मायक्रोवेव्ह डायजेस्टरच्या भांड्यात वजन करा. स्वच्छ दर्जाचं ६७ ते ६९ टक्क्यांचं नायट्रिक आम्ल ५ मिली घाला, ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १ मिली घाला आणि झाकण न लावता धूरकपाटात २०-३० मिनिटं ठेवा. ही पायरी गाळू नका. पावडरीत पाव भाग स्निग्ध आणि निम्म्याहून जास्त लॅक्टोज असतं, ते आम्लाशी पटकन भिडतं आणि फसफसतं. झाकण लगेच लावलं तर दाब अचानक चढतो, भांडं वाफ सोडतं आणि त्या वाफेबरोबर नमुनाही जातो. नंतर २० मिनिटांत २०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवा आणि २० मिनिटं तिथेच धरा. ५० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नका. द्रावण रंगहीन किंवा अगदी फिकट पिवळं हवं. पृष्ठभागावर तेलकट थेंब किंवा तवंग दिसला तर पचन अपुरं आहे, तो नमुना पुढे नेऊ नका.

भांडं पचनाआधी आणि नंतर बंद स्थितीत वजन करण्याची सवय लावा. वजन लक्षणीय घटलं असेल तर गळती झाली, असं समजून तो नमुना पुन्हा करा. यंत्रावर लागलेला आकडा ही गळती कधीच दाखवत नाही.

कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आयसीपी-ओईएसवर (प्लाझ्मात तापलेल्या मूलद्रव्यांचा प्रकाश मोजणारं यंत्र), बाकी सगळं आयसीपी-एमएसवर (त्यांचे आयन वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र), अशी वाटणी सोयीची. आयोडीन आणि क्लोराइड या आम्लात करायचंच नाही. क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटचं पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन करा. आयोडीनचं खाली बोलू. कृतीतलं काही सुटलं असेल तर जोडा.

सूक्ष्ममात्रा

धागा चांगला आहे, पण "०.५ ग्रॅम पावडर थेट वजन करा" यावर माझा ठाम आक्षेप आहे. शिसं-कॅडमियमसाठी चालेल. वरून घातलेल्या खनिजांसाठी नाही.

फॉर्म्युला दोन प्रकारे बनतो. ओल्या पद्धतीत क्षार द्रवात विरघळवून मग फवारून वाळवतात. तिथे कणाकणात सारखं प्रमाण असतं. कोरड्या पद्धतीत वाळलेल्या पावडरीत प्रीमिक्स, म्हणजे खनिजांचं आधीच केलेलं मिश्रण, मिसळतात. तिथे तांब्याचा हिशोब करून पाहा. १०० ग्रॅममध्ये ०.४ मि.ग्रॅ. तांबं, म्हणजे अर्ध्या ग्रॅममध्ये २ मायक्रोग्रॅम. कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेटमध्ये तांबं सुमारे २५ टक्के, म्हणजे क्षार जेमतेम ८ मायक्रोग्रॅम. हा सगळा क्षार ०.१९ मि.मी. व्यासाच्या एकाच कणात मावतो! कण ०.१ मि.मी.चे धरले तरी अर्ध्या ग्रॅमला सहा-सातच वाट्याला येतात. निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार मग ३५ ते ४० टक्के. प्रीमिक्स बारीक दळून वाहकात पसरवलेलं असतं तेव्हा हा आकडा कमी होतो, पण डब्याबाहेरून आपल्याला ते कळत नाही.

म्हणून २५ ग्रॅम पावडर २०० ग्रॅम कोमट शुद्ध पाण्यात कालवा, चुंबकी ढवळणीवर १५ मिनिटं फिरू द्या आणि त्यातलं ४.५ ग्रॅम वजन करून घ्या. ते ०.५ ग्रॅम पावडरीइतकं होतं, पण मागे २५ ग्रॅमचे कण असतात. तोच चढउतार ५-६ टक्क्यांवर येतो. २५ ग्रॅम घेण्याआधी अख्खा डबा मोठ्या पिशवीत रिकामा करून उलटसुलट करा. वाहतुकीत हादरे बसून जड कण तळाला जातात, त्यामुळे नुसता वरचा चमचा घेणं चुकीचं.

मोजमाप

मान्य. वरची कृती दूषित धातूंसाठी आणि कालवलेला नमुना खनिजांसाठी, अशी दुरुस्ती समजावी. दोन गोष्टी जोडतो.

कालवल्यावर सगळं विरघळतं असं नाही. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम कार्बोनेट, फेरिक पायरोफॉस्फेट तळाला बसतात. ढवळणी चालू असतानाच, मधल्या उंचीवरून, रुंद तोंडाच्या टिपने नमुना ओढा. ढवळणी थांबवून दोन मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बरोबर येतं. अहवालात असं चित्र दिसलं तर संशय आधी इथे घ्या.

दुसरं, शिसं-कॅडमियमसाठी मी थेट पावडरच घेईन. हे धातू मुळात दुधात, सोयात किंवा क्षारांत सूक्ष्म पसरलेले असतात. कालवण्यात वापरलेलं पाणी, बीकर आणि ढवळणीचा दांडा यांतून उगाच नवं शिसं आत येण्याची वाट उघडते.

नवखा_रसायनी

माझ्यासमोर एक कोडं आहे. स्पाइक रिकव्हरी (नमुन्यात मुद्दाम घातलेल्या ज्ञात प्रमाणापैकी किती परत मोजलं गेलं) कॅडमियम ९८, शिसं १०१ टक्के, पण सेलेनियम १२६ आणि आर्सेनिक ११८ टक्के येतं. हेलियम मोड (आयन हेलियममधून नेऊन नको ते जोड-आयन गाळणारा) चालू आहे. इंटर्नल स्टँडर्ड (सगळ्या द्रावणांत सारखंच घातलेलं ताडणीचं मूलद्रव्य) ऱ्होडियम, तो ९५ टक्क्यांवर स्थिर. क्रोमियमही लेबलापेक्षा दीडपट. स्टँडर्ड (ज्ञात प्रमाणाची द्रावणं) नवीन बनवून पाहिले, फरक नाही. कुठे पाहू?

अम्लराज

सेलेनियम आणि आर्सेनिक दोन्ही वर, बाकी ठीक, ऱ्होडियम स्थिर. हे उरलेल्या कार्बनचं लक्षण आहे.

या दोघांना आयन व्हायला सुमारे ९.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, त्यामुळे प्लाझ्मात त्यांचा बराच भाग आयन न होता राहतो. द्रावणात कार्बन असेल तर कार्बनचे आयन त्यांना विद्युतभार देतात आणि सिग्नल वाढतो. तुमच्या स्टँडर्डमध्ये कार्बन नाही, नमुन्यात आहे. ऱ्होडियम सहज आयन होतं, त्याला हा फरक जाणवतच नाही. म्हणून तो ९५ टक्क्यांवर दिमाखात उभा राहतो आणि दिशाभूल करतो.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. सगळ्या द्रावणांत (ब्लँक म्हणजे नमुन्याशिवायचं द्रावण, स्टँडर्ड, नमुना) सारख्या प्रमाणात मिथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉल घाला, १ ते ४ टक्के. मग सगळीकडे कार्बन सारखा होतो. इंटर्नल स्टँडर्ड त्यांच्या जातीचा घ्या. सेलेनियमसाठी टेल्युरियम चांगलं काम करतं, कारण त्याचीही आयनीकरणाची ऊर्जा ९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर आहे. एओएसी या विश्लेषकांच्या संघटनेच्या २०१५.०६ या पद्धतीत, जिचं आयएसओ रूप २१४२४ आहे, जर्मेनियम-टेल्युरियम आणि मिथेनॉल आहेत ते याचसाठी. बारा खनिजांसाठी ही पद्धत नेमकी फॉर्म्युल्यावर तपासलेली आहे, नवी सुरुवात तिथूनच करावी.

क्रोमियमची गोष्ट वेगळी. ५२ या वस्तुमानावर आर्गॉन ४० आणि कार्बन १२ जोडून बसतात. हेलियमने ते बरंचसं जातं. तरीही दीडपट येत असेल तर स्टीलचा चमचा आधी बाजूला ठेवा. निकेलही सोबत वाढलं असेल तर स्टीलच. प्लास्टिकचा चमचा वापरून तोच नमुना पुन्हा करा, उत्तर लगेच मिळेल.

अम्लराज

वरच्याला जोडून, कारण कॅडमियम ९८ टक्के आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. स्पाइक रिकव्हरी चांगली आणि उत्तर चुकीचं, असं या मूलद्रव्यात हमखास होतं.

फॉर्म्युल्यात मॉलिब्डेनम असतं. मॉलिब्डेनम ९५ ला ऑक्सिजन १६ चिकटला की १११, आणि ९८ ला चिकटला की ११४. हे दोन्ही कॅडमियमचेच आकडे. समजा पावडरीत किलोला २०० मायक्रोग्रॅम मॉलिब्डेनम आहे. द्रावणात ते लिटरला २ मायक्रोग्रॅम. त्यातला १६ टक्के भाग ९५ चा. ऑक्साइड अर्धा टक्का बनलं तरी १११ वर ते किलोला एक ते दीड मायक्रोग्रॅम कॅडमियमसारखं दिसतं. मर्यादा १० ची! म्हणजे मर्यादेच्या दहा-पंधरा टक्के कॅडमियम निव्वळ भास. स्पाइक हा भास पकडत नाही, कारण तो स्पाइक घालण्याआधीही असतो आणि नंतरही, वजाबाकीत उडून जातो.

तपासायची रीत सोपी. फक्त मॉलिब्डेनम असलेलं, लिटरला १० मायक्रोग्रॅमचं द्रावण रोज चालवा, १११ वर किती कॅडमियम दिसतं ते लिहा आणि त्यावरून दुरुस्ती करा. १११ आणि ११४ दोन्ही मोजा. दोन्हींची उत्तरं जुळली नाहीत तर काहीतरी बसलेलं आहे. ११४ वर कथिलाचाही थोडा वाटा असतो, डबा पत्र्याचा आणि फॉर्म्युला द्रवरूप असेल तर ते लक्षात घ्या.

बाकीचे नेहमीचे त्रास: लोह ५६ वर आर्गॉन-ऑक्सिजन आणि कॅल्शियम-ऑक्सिजन, मँगनीज ५५ वर पोटॅशियम-ऑक्सिजन, तांबं ६३ वर आर्गॉन-सोडियम. हेलियम मोडमध्ये हे आटोक्यात येतात. तांबं ६३ आणि ६५ दोन्हींवर मोजून पडताळा. आर्सेनिक ७५ वर आर्गॉन-क्लोरीन आणि कॅल्शियम-क्लोरीन. सेलेनियमसाठी ८२ टाळा, नमुन्यातलं ब्रोमीन ८१ एक हायड्रोजन घेऊन तिथेच येतं. शिशाचं २०६, २०७, २०८ यांची बेरीज घ्या, कारण खाणीगणिक त्यांचं प्रमाण बदलतं. एकटा २०८ घेतला तर स्टँडर्डचं शिसं एका खाणीचं आणि नमुन्यातलं दुसऱ्या, अशी तुलना होते.

शुभ्रकण

आयोडीन का वेगळं करायचं? नायट्रिकमध्ये १२७ वर सिग्नल मिळतो की.

सूक्ष्ममात्रा

मिळतो, आणि तोच घात करतो. आम्लात आयोडाइडचं आयोडीन होतं, ते उडतं. पचनाच्या भांड्यातून जातं, नळीतून जातं आणि स्प्रे चेंबरमध्ये वाफ होऊन प्लाझ्मात जास्त पोचतं. शिवाय रबरी-प्लास्टिक नळ्यांना चिकटून पुढच्या नमुन्यात उतरतं. म्हणजे एकाच वेळी कमीही आणि जास्तही, कोणता परिणाम वरचढ ठरेल ते दर नमुन्याला वेगळं.

कृती अल्कलीत करा. कालवलेला नमुना ५ टक्के टेट्रामिथाइलअमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये, घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन नळीत, ९० अंशांवर काही तास. नाहीतर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये १०५ अंशांवर तासभर आणि मग थायोसल्फेट. थंड करून पातळ करा, सेंट्रिफ्यूज करा, गाळा. स्टँडर्डही त्याच अल्कलीत बनवा. इंटर्नल स्टँडर्ड टेल्युरियम किंवा प्रॅसिओडिमियम.

यंत्रावर आधी आम्लाचे नमुने चालले असतील तर नळ्या बदला आणि अल्कलीने अर्धा तास धुवा. नळीत उरलेलं आम्ल पहिल्या चार-पाच नमुन्यांचं आयोडीन बिघडवतं आणि मग सगळं ठीक दिसतं. यादीच्या सुरुवातीचेच नमुने वर असले तर कारण हेच.

पाऱ्याचंही चिकटणं असंच, पण उपाय उलटा. तिथे सगळ्या द्रावणांत लिटरला २०० मायक्रोग्रॅम सोनं किंवा अर्धा टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात, म्हणजे पारा भिंतीला धरत नाही. हायड्रोक्लोरिक घातलं तर आर्सेनिकवर क्लोरीनचा भार वाढतो, तेव्हा हेलियम मोडशिवाय आर्सेनिक वाचू नका.

मोजमाप

ब्लँकबद्दल लिहायचं राहिलं, आणि माझ्या मते या सगळ्या कामात तेच सर्वांत मोलाचं आहे.

शिशाची पावडरीतली युरोपीय मर्यादा किलोला ०.०२० मि.ग्रॅ. द्रावणात लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम. आता ब्लँकमध्ये ०.०५ मायक्रोग्रॅम शिसं आहे म्हणू. ते दर वेळी ०.०४५ ते ०.०५५ येत असेल तर बिनधास्त वजा करा. विचलन ०.००५, त्याची दहापट ०.०५, म्हणजे पावडरीत किलोला ५ मायक्रोग्रॅमपर्यंत विश्वासाने मोजता येतं. मर्यादेच्या पाव. पण तोच ब्लँक कधी ०.०३, कधी ०.०९ येत असेल आणि विचलन ०.०२ असेल, तर मोजणीची खालची पातळी थेट २० मायक्रोग्रॅमवर जाते, म्हणजे मर्यादेवरच. असं काम "शिसं आढळलं नाही" असा अहवाल देईल आणि तो अहवाल बाळाच्या काहीच उपयोगाचा नाही. यंत्र कितीही महाग असो.

किमान दहा स्वतंत्र ब्लँक, वेगवेगळ्या दिवशी, संपूर्ण पचनातून गेलेले घ्या. एकाच ब्लँकचं दहादा वाचन चालत नाही, ते फक्त यंत्राची स्थिरता सांगतं.

ब्लँक का उड्या मारतो? भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिकमध्ये बुडवलेली नसतात. त्याआधीच्या फेरीत याच भांड्यात प्रीमिक्स किंवा कॅल्शियम फॉस्फेट पचवलेलं असतं. काचेचे फ्लास्क वापरले जातात, त्यातून ॲल्युमिनियम, बोरॉन, सोडियम उतरतं. रंगीत पिपेट टिपा असतात, काही रंगद्रव्यांतून तांबं, जस्त, कॅडमियम येतं, म्हणून बिनरंगी टिपाच घ्या. पावडर लावलेल्या हातमोज्यांतून जस्त. उघड्या नळ्यांवर धूळ बसते आणि धुळीत शिसं असतंच. पंखा किंवा वातानुकूलकाचा झोत थेट नळ्यांच्या रॅकवर असेल तर आधी तो वळवा.

लेबल_वाचक

अहवालात सगळं मि.ग्रॅ. प्रति किलो येतं आणि मानकं १०० किलोकॅलरीला असतात. तुलना करताना गोंधळ होतो. एखादं उदाहरण सोडवून दाखवाल का?

मोजमाप

दाखवतो. पावडरीची ऊर्जा १०० ग्रॅमला ५१० किलोकॅलरी धरू. अहवाल म्हणतो लोह किलोला ५२ मि.ग्रॅ. म्हणजे १०० ग्रॅमला ५.२. त्याला ५.१ ने भागा: १०० किलोकॅलरीला १.०२ मि.ग्रॅ. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) ७२-१९८१ या मानकात किमान ०.४५ आहे, अमेरिकेच्या नियमात ०.१५ ते ३.०. दोन्हींत बसतं.

कॅल्शियम किलोला ४१०० मि.ग्रॅ. असेल तर ८० मि.ग्रॅ. प्रति १०० किलोकॅलरी. कोडेक्समध्ये किमान ५०, वरची मार्गदर्शक पातळी १४०. फॉस्फरस २३०० असेल तर ४५, तिथे किमान २५ आणि वर १००. पण एवढ्यावर थांबू नका. कॅल्शियम-फॉस्फरसचं गुणोत्तर १ ते २ मध्ये हवं. इथे ते १.७८ आहे. दोन्ही मोजण्यांत ५-५ टक्के अनिश्चितता असेल तर गुणोत्तरात ती सुमारे ७ टक्के होते, म्हणजे १.६५ ते १.९१. बसतं. पण उत्तर १.९५ आलं असतं तर दोन्ही मूलद्रव्यं एकाच द्रावणातून, एकाच दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय निकाल देऊ नये.

सेलेनियम किलोला १३० मायक्रोग्रॅम म्हणजे १०० किलोकॅलरीला २.५५ मायक्रोग्रॅम. कोडेक्स १ ते ९, अमेरिका २ ते ७. पट्टा अरुंद आहे, म्हणून वरच्या कार्बनच्या चुकीला इतकं महत्त्व.

विषारी धातूंत वेगळी गफलत होते. कोडेक्सची शिशाची ०.०१ मि.ग्रॅ. प्रति किलो ही मर्यादा पाजायला तयार केलेल्या दुधाला आहे. युरोपची ०.०२० पावडरीला. १०० मिलीत १३ ग्रॅम पावडर धरली तर कोडेक्सची मर्यादा पावडरीत सुमारे ०.०७७ होते. अहवालात "पावडर" की "तयार दूध" हे लिहिलेलं नसेल तर तो अहवाल परत पाठवा.

ओईएस_वाला

कॅल्शियम-पोटॅशियमवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. प्लाझ्मा लांबीच्या दिशेने पाहणाऱ्या (ॲक्सिअल) मोडमध्ये सोडियम-पोटॅशियमसारखे सहज आयन होणारे धातू एकमेकांचा सिग्नल फुगवतात. नमुन्यात दोन्ही भरपूर, स्टँडर्डमध्ये एकेकटे, म्हणून पोटॅशियम दहा टक्के वर. सगळ्या द्रावणांत सिझियम घाला आणि हे मोठे धातू बाजूने पाहणाऱ्या मोडमध्ये वाचा. फॉस्फरससाठी २१३.६ नॅनोमीटरवर तांब्याची रेषा लगेच शेजारी आहे, २१४.९ घ्या. कॅल्शियमसाठी ३९३.४ ही रेषा फार संवेदनशील आहे, ४० मि.ग्रॅ. ला ती संपृक्त होते, ३१५.९ किंवा ३१७.९ वापरा.

संदर्भ पदार्थांत (ज्ञात प्रमाणाचे पडताळणीचे नमुने) खनिजांसाठी अमेरिकेच्या निस्ट या मापनसंस्थेचं एसआरएम १८४९ए किंवा १८६९. शिसं-कॅडमियमसाठी ईआरएम-बीडी१५० आणि बीडी१५१ या सायीविना दूधपावडरी. बीडी१५१ मध्ये प्रमाण जास्त आहे, म्हणून ती एकटी पुरत नाही. मर्यादेजवळचं काम सिद्ध करायला बीडी१५० हवी.

काळजीवाहू_आई

मी रसायनशास्त्राची नाही. तीन प्रश्न. घरी तपासता येईल असं काही किट आहे का? एक डबा प्रयोगशाळेत दिला तर पुरेल का? आणि बातम्या वाचून फॉर्म्युला बदलावा का?

सूक्ष्ममात्रा

ताई, एकेक करून सांगते.

घरच्या किटने हे होत नाही. पट्ट्या पाण्यासाठी असतात, दुधातली प्रथिनं आणि स्निग्ध त्यांच्या रंगावर पाणी फिरवतात. हातात धरायचं एक्स-रे यंत्रही इथे निरुपयोगी आहे. ते किलोला काही मि.ग्रॅ.च्या आसपास पाहू शकतं आणि आपल्याला त्याच्या शेकडो पट खाली पाहायचं आहे. त्यावर "शिसं नाही" दिसलं तर त्याचा अर्थ काहीच नाही.

एक डबा त्या डब्याबद्दल सांगतो, पूर्ण बॅचबद्दल नाही. द्यायचाच असेल तर न उघडलेला द्या, बॅच क्रमांकासकट, आणि देण्याआधी विचारा: शिसं आणि कॅडमियम पावडरीत किती खालपर्यंत मोजता? उत्तर किलोला ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा खाली हवं. "०.१ मि.ग्रॅ. पेक्षा कमी" असं छापणारी प्रयोगशाळा इतर अन्नासाठी चांगली असेल, या कामाला नाही.

फॉर्म्युला घाईने बदलू नका आणि जास्त पाणी घालून पातळ तर मुळीच करू नका. त्याने खनिजं आणि ऊर्जा दोन्ही कमी पडतात. बदलायचा असेल तर बाळाच्या डॉक्टरांशी बोलून.

आणि एक गोष्ट जी पावडरीइतकीच महत्त्वाची आहे: पाणी. पाच किलोचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली दूध पितं, त्यात पावडर सुमारे १०० ग्रॅम आणि पाणी ७०० मिलीच्या आसपास. पावडरीत शिसं युरोपीय मर्यादेइतकं असलं तरी दिवसाला २ मायक्रोग्रॅम होतं. पाण्यात शिसं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पातळीइतकं, म्हणजे लिटरला १० मायक्रोग्रॅम असेल तर पाण्यातूनच ७ मायक्रोग्रॅम जातं. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण धातू जात नाहीत. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. म्हणून तपासणीवर खर्च करणार असाल तर आधी त्या पाण्याची करा: शिसं, आर्सेनिक, मँगनीज, फ्लोराइड आणि नायट्रेट. रात्रभर नळात थांबलेलं पाणी बाळासाठी घेऊ नका, आधी थोडा वेळ वाहू द्या. गरम पाण्याच्या नळाचं तर कधीच नको.

काळजीवाहू_आई

धन्यवाद. पाण्याचा विचारच केला नव्हता. आधी तेच करून घेते.

नवखा_रसायनी

मिथेनॉल २ टक्के आणि टेल्युरियम लावून सेलेनियम १०३ टक्क्यांवर आलं. अम्लराज, आभारी आहे. आता शेवटचा प्रश्न. एका तांदूळ-स्टार्च असलेल्या फॉर्म्युल्यात एकूण आर्सेनिक किलोला ०.०२६ मि.ग्रॅ. आलं. मर्यादा ०.०२० आहे. नापास लिहू का?

अम्लराज

नाही, अजून नाही. युरोपची ०.०२० ही मर्यादा असेंद्रिय आर्सेनिकला आहे आणि तुम्ही एकूण मोजलं आहे. एकूण ०.०२० च्या खाली असतं तर काम तिथेच संपलं असतं, कारण भाग संपूर्णापेक्षा मोठा नसतो. वर आलं म्हणजे प्रकार वेगळे करावेच लागतील. तांदळात असेंद्रियाबरोबर डायमिथाइलआर्सिनिक आम्लही असतं.

०.१ मोलर नायट्रिक आणि ३ टक्के पेरॉक्साइड यांत ९० अंशांवर तासभर काढणी करा. पेरॉक्साइडमुळे आर्सेनाइटचं आर्सेनेट होतं, त्यामुळे असेंद्रिय सगळं एकाच शिखरात येतं. ॲनायन-एक्स्चेंज कॉलम, पुढे आयसीपी-एमएस, ७५ वर. क्लोराइड कुठे उतरतं ते मीठ टोचून आधी पाहून ठेवा, आर्सेनेटच्या शिखराशी त्याची गल्लत नको. काढणीचा अर्क सेंट्रिफ्यूज करून ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून जाऊ द्या, नाहीतर दुधातलं प्रथिन कॉलमच्या तोंडाशी साचतं आणि दहा-बारा इंजेक्शनांत दाब चढतो.

शिखरांची बेरीज काढणीतल्या एकूण आर्सेनिकशी आणि ते एकूण पचनातल्या ०.०२६ शी ताडून पाहा. काढणीत ८० टक्क्यांहून कमी आलं तर काहीतरी मागे राहिलं, तेव्हा असेंद्रियाचा आकडा कमी दिसतो आहे असं धरा. आणि असेंद्रिय ०.०१८ च्या आसपास आलं तर दुसऱ्या न उघडलेल्या डब्यावर, वेगळ्या दिवशी, नव्या ब्लँकसह पुन्हा करा. अनिश्चितता २० टक्के असेल तर ०.०१८ म्हणजे ०.०१४ ते ०.०२२. अहवालात आकडा अनिश्चिततेसकट लिहा आणि तो एकूण की असेंद्रिय हे त्याच ओळीत लिहा.